प्रत्येक खोलीला वेगळा व्हॉल्व्ह

९ ऑक्टोबर

एका व्हॉल्व्हची किंमत दुकानात पाचशे सोम. खरी किंमत मांडायची तर अशी: उरमातशी दोन दिवसांचा अबोला. माझ्या बायकोचा, अनारकानचा गालिचा, जो अजून भिजलेला नाही पण भिजणार आहे. नारिन गावच्या गार ऑक्टोबरात बॉयलर विझवून सगळं घर गार करायचं. आणि माझा शब्द. वीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो की घर तापवणारे हे पाइप या शार्शेनने स्वतःच्या हातांनी जोडलेत, मी जिवंत आहे तोवर यांना पाना लागायचा नाही. असे आठ व्हॉल्व्ह उरमातने आज ओट्यावर मांडून ठेवलेत. चकचकीत, लाल टोपीचे.

जुने दोन जागी ठिबकतात, हे खरं. बाकीचे सहा ठिबकत नाहीत, पण फिरतही नाहीत. मी बसवले तेव्हा उघडे होते, ते उघडेच गंजले. मी म्हटलं, "मग बिघडलं काय? उघडेच हवेत ना? बंद कशाला करायचे?"

उरमात म्हणाला, "प्रत्येक खोली वेगळी बंद करता आली पाहिजे, बाबा. लागेल तिथेच ऊब."

"या घरात कुठली खोली लागत नाही, तेवढं सांग."

त्यावर त्याने आठही व्हॉल्व्ह पुन्हा मोजले.

उरमात माझा धाकटा. थोरला रशियात येकातेरिनबर्गला ट्रक चालवतो, मधला बिश्केकला असतो, दोघांचं बरं चाललंय. आमच्या रीतीने बापाची चूल मात्र धाकट्याची. घर त्याचं, म्हातारे त्याचे, बाजारातले गाड्यांच्या सुट्या भागांचे माझे तीन कंटेनर, म्हणजे दुकानंच, तेही त्याचेच. म्हणून शेवटी मी हरलो. घर आपलं वाटतं म्हणूनच पोरगा स्वतःच्या खिशातून खर्च करतोय. हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही.

११ ऑक्टोबर

उरमातची सेझिम पुन्हा खोकते. सहा वर्षांची पोर, खोकला मात्र म्हाताऱ्या ट्रकवाल्याचा. मागचा हिवाळा असाच गेला, दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आज नुरझात तिला दाखवून आली. सूनबाई माझ्यासमोर फार बोलत नाही. जे सांगायचं ते सासूमार्फत.

अनारकान म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणतात, कोळशाचा धूर सोसत नाही तिला. छाती आवळते."

"धूर चिमणीतून वर जातो. घरात धूर आहे कुठे?"

"सगळ्या गावाचा जातो वर. आणि मग दरीतच बसून राहतो."

"गार लागतंय पोरीला. दुसरं काही नाही."

मी स्वतः मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून तिच्या छातीला चोळली. ती म्हणाली, "आजोबा, मला आता शिजवणार का?" हसली आणि हसता हसता पुन्हा खोकत बसली. नुरझातने तिला माझ्याकडून घेतलं, पाठ चोळली. पोरीचे खांदे वर-खाली होत होते, मोटारीचा पंप हवा ओढतो तसे.

तीन पोरं मी या घरात वाढवली. या घरात खोकला टिकत नाही, इथली ऊबच त्याला हाकलते. असं मी अनारकानला सांगितलं आणि बॉयलरमध्ये दोन फावडी जास्त टाकली.

१४ ऑक्टोबर

पाणी काढलं.

काल बॉयलरमध्ये कोळसा टाकला नाही. सकाळपर्यंत पाणी हात लावण्याइतकं निवलं. बॉयलरच्या पायाशी पाणी सोडायचा नळ आहे, त्याला नळी जोडून तिचं तोंड अंगणाच्या उताराला टाकलं. नळ उघडला आणि काळं पाणी आलं. वीस वर्षांचं. वास जुन्या बॅटरीसारखा. थोड्या वेळाने धार मंदावली, तर उरमात घरात जाऊन एकेका रेडिएटरची हवेची चावी उघडत सुटला. वरून हवा आत शिरल्याशिवाय खालून पाणी सुटत नाही. प्रत्येक खोलीतून आत ओढल्या जाणाऱ्या श्वासासारखा आवाज येत होता. मी अंगणात उभा राहून ऐकत होतो. मी इंजिन न उघडता नुसतं ऐकून सांगतो कुठला भाग गेलाय. गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात. माझ्या कानांतून काही सुटत नाही.

शेजारचा कासिम कुंपणाला टेकून तमाशा बघत होता. "शाके," मला आळीत असंच म्हणतात, "हे पाणी की तुझ्या पोटातलं पाप?"

"तुझं काढलं तर नदी काळी होईल."

तो आत आला, उपडी बादली शोधून तिच्यावर बसला आणि आळीच्या बातम्या सुरू केल्या. खालच्या आळीतला बाकितचा मुलगा बायकोच्या गावी कोचकोरला जाऊन सासऱ्याच्याच घरी राहिलाय म्हणे. कासिम म्हणाला, "घरजावई कसला, पिल्लू आहे पिल्लू. सासऱ्याने हाडूक टाकलं की शेपूट हलवायची. बाकित आता मशिदीत मागच्या रांगेत बसतो."

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "बसेल नाहीतर काय. माझा पोरगा असता तर मी नारिन सोडून गेलो असतो."

उरमात दारातल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह सोडवत होता. पाना सटकला आणि त्याच्या बोटांची सालं निघाली. रेडिएटरच्या तळाशी राहिलेलं पाणी भसकन बाहेर आलं आणि अनारकानच्या गालिच्यावर पसरलं. मी आधीच लिहून ठेवलं होतं.

"हात बघू," मी म्हटलं.

"काही नाही, बाबा," म्हणाला आणि वर बघितलं नाही.

सेझिमला दिवसभर कासिमच्या घरी ठेवलं. तिथेही कोळशाचाच बॉयलर, पण निदान पेटलेला.

१५ ऑक्टोबर

सगळे जुने व्हॉल्व्ह निघाले. एका पान्याने पाइप धरायचा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवायचा, नाहीतर पाइपच पिळतो. आटे तारेच्या ब्रशने घासले. नव्या आट्यांवर, गळू नये म्हणून, सूत गुंडाळून वर सफेदा. सूत आटे फिरतात त्याच बाजूने गुंडाळायचं, एवढं मी त्याला दाखवलं. ते त्याला माहीत होतं. तरी त्याने ऐकून घेतलं. चांगला पोरगा आहे.

आज एक गोष्ट कळली, ती इथे लिहितो, दुसरीकडे बोलायची नाही.

मी आमच्या खोलीत पाइपाचं तोंड पुसत बसलो होतो. उरमात-नुरझातच्या खोलीतला पाइपही उघडा. भिंतीपलीकडचं बोलणं त्या रिकाम्या नळकांड्यातून सरळ माझ्या मांडीवर येऊन पडत होतं. ऐकायचं नव्हतं, पण कानांना कुठे व्हॉल्व्ह असतो.

नुरझात म्हणत होती, "सांगून टाका ना आता. रोज सकाळी त्यांना वाकून सलाम करताना माझी मान वर होत नाही."

"सांगतो. आधी पाणी भरून होऊ दे. घर गरम झालं की सांगतो."

"माझ्या आईने खोली तयार ठेवली आहे. रोज विचारते, कधी येताय."

"बाबांना लागेल गं ते."

"आणि मला काय बरं वाटतंय?"

मी पाना खाली ठेवला तो वाजणार नाही असा.

आता सगळं लक्षात आलं. सूनबाईला माहेरी मानाने पाठवणं राहून गेलंय. लग्न झालं त्या वर्षी माझी आई गेली, मग सेझिम झाली, मग साथीत रस्ते बंद, मग राहिलंच. ती एकटी दोन-चारदा जाऊन आली असेल, पण मेंढी घेऊन, सतरंज्या-मिठाई घेऊन, व्याह्यांच्या दारात चारचौघांदेखत जी पाठवणी करायची ती सात वर्षं झाली तरी आम्ही केलेली नाही. तिच्या माहेरगावी, तोसोरमध्ये, लोक काय म्हणत असतील. आणि पोरांनी स्वतः तोंड उघडलं तर ते सासऱ्याला त्याची चूक दाखवणं होतं, म्हणून बिचारी गप्प.

त्यांच्या आधी मीच बोलणार. बापाने इतकं तरी करावं.

१६ ऑक्टोबर

पाणी भरलं. खालच्या नळालाच नळी लावली आणि पाणी हळू सोडलं, घाई केली की हवा अडकते. उरमात आणि अनारकान एकेका खोलीत फिरत होते. तो तिला छोटी किल्ली हातात देऊन शिकवत होता: "आई, अशी अर्धा फेरा फिरवायची. आधी फुसफुस होईल, मग थुंकी उडेल, मग सरळ धार आली की बंद."

ती म्हणाली, "मला कशाला शिकवतोस? तू आहेस ना."

"माहीत असलेलं बरं."

माळ्यावरच्या टाकीतून पाणी सांडलं तेव्हा नळ बंद केला. बॉयलर पेटवला. पाइप तापताना टक् टक् वाजू लागले. शेवटच्या खोलीतला रेडिएटर वर गार आणि खाली गरम, म्हणजे हवा, ती काढली. एकही जोड ठिबकला नाही. अनारकान प्रत्येकाखाली कागद ठेवून हिंडत होती, सगळे कोरडे.

उरमातने तिला व्हॉल्व्हही दाखवले. "थंडीत पूर्ण बंद करू नका, पाणी गोठलं तर रेडिएटर फुटेल. एवढासा उघडा ठेवायचा, हाताला कोमट लागेल इतकाच. आणि तुम्ही दोघं बॉयलरजवळच्या खोलीत झोपायला या. बाबांच्या गुडघ्यांना बरं पडेल. कोळसाही निम्मा लागेल." पोरगा सगळा विचार करतो.

जेवायला मटण-शेवयांचं बेशबरमाक होतं. सेझिम झोपली होती, खोकत होती पण झोपली होती. उरमातने वाटी खाली ठेवली. "बाबा, मला तुमच्याशी बोलायचं आहे."

"बोलू नकोस. मला माहीत आहे."

अनारकानचा हात रश्श्याच्या भांड्यावर थांबला.

"काय माहीत आहे?" उरमातने विचारलं.

"पाइप रिकामे होते आणि माझे कान अजून शाबूत आहेत. सगळं ऐकलं मी. तोसोरला जायचंय ना तुम्हाला?"

उरमातने नुरझातकडे बघितलं. मग तो म्हणाला, "तुम्ही रागावला नाहीत?"

"राग आहे तो माझाच माझ्यावर. मी आधी म्हणायला हवं होतं, तुम्हाला असं भिंतीआड कुजबुजायला लावायला नको होतं. जा. बायकोला घेऊन जा, पोरीला घेऊन जा. आणि मान खाली घालून नाही, ताठ ठेवून जा. माझ्या घरातून रिकाम्या हाताने कुणी जाणार नाही."

"किती दिवस, ते विचारणार नाही तुम्ही?"

"माहेर आहे तिचं. दिवस कसले मोजायचे?"

उरमातने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा बाप्या झाला, पोरीचा बाप. नुरझातने सात वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती उठून आली आणि माझ्यासमोर वाकली, इतकी खाली की मला संकोच झाला. एका मेंढीसाठी पोरीने मनात केवढं साठवून ठेवलं होतं.

२३ ऑक्टोबर

मेंढा घेतला. कासिमने त्याची पाठ चाचपून सांगितलं, "व्याह्याला जास्त होईल, अर्धा मला दे." अनारकान शिर्दाक बांधतेय, लोकरीच्या नमद्याचा गालिचा, स्वतःचा म्हणून जपून ठेवलेला, लाल-काळा. मी म्हटलं, "तो चांगला शिर्दाक? दुसरा दे." ती म्हणाली, "हाच." मी वाद घातला नाही. आजकाल ती लहानसहान गोष्टीला डोळे पुसते. वय झालं.

२ नोव्हेंबर

गेले.

गाडी टपापर्यंत भरली होती. नुरझातने सेझिमच्या उन्हाळ्यातल्या चपलासुद्धा घेतल्या. बायकांचं सामान असंच असतं, महिनाभराला वर्षाचं.

उरमातने कंटेनरच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "वाटेत हरवतील." मग अनारकानने एक अख्खी भाकर आणली आणि तिघांकडून तिच्यातला एकेक घास तोडून घेतला. उरलेली ती, परत येईपर्यंत जपायची म्हणून, फडक्यात बांधून ठेवायला निघाली. मी हसलो. "लष्करात चाललेत का गं? तोसोरला चाललेत. दोलोन घाट उतरला की पोहोचले."

तिने फडक्याची गाठ आवळली. उरमातने मला मिठी मारली, ती सोडायला उशीर केला. म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखा बाप मी कुणाचा पाहिला नाही." मला बरं वाटलं. कासिम कुंपणावरून ऐकत होता, त्यालाही ऐकू गेलं असेल.

१९ नोव्हेंबर

रात्री उणे अठरा. आळीवर धुराची पांढरी चादर, पलीकडचा डोंगर दिसत नाही. उरमातचा फोन येतो, मेंढा कसा निघाला ते सांगतो, तोसोरचं सरोवर अजून गोठलं नाही म्हणतो, ते कधी गोठतच नाही. येण्याचं बोलत नाही. मीही विचारत नाही, दिवस मोजायचे नाहीत असं मीच म्हणालो होतो. कंटेनर मी उघडतो. गुडघे कुरकुरतात.

अनारकानने आमचं अंथरूण बॉयलरजवळच्या खोलीत आणलं. मी म्हटलं, "पोरं आली की परत न्यावं लागेल."

"नेऊ," म्हणाली.

१२ डिसेंबर

आज विचारलंच. "दोलोनवर बर्फ वाढतोय. यायचं तर या आठवड्यात या, नाहीतर अडकाल."

फोनवर मागे सेझिमचा आवाज येत होता, ती कुणाशी तरी मोठ्याने भांडत होती, दम न लागता.

मग उरमात म्हणाला, "बाबा, कुठे यायचं?"

"कुठे म्हणजे?"

"तुम्हीच तर म्हणालात. सगळं ऐकलंय म्हणालात. मान ताठ ठेवून जा म्हणालात. मी इथे आलो ते त्या एका शब्दावर. लोक मला पिल्लू म्हणतात, म्हणू देत. माझ्या बापाने पाठवलंय, एवढंच मी सांगतो. इथे घर विजेवर तापतं, धूर नाही. मला मासे साठवायच्या कारखान्यात काम मिळालंय. सेझिमला शाळेत घातलं." मग घाबरल्यासारखा म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?"

मी कंटेनरच्या दारात उभा होतो. हातात कुणाच्या तरी गाडीचा पंप होता, गिऱ्हाईक समोर थांबलं होतं. त्या एका क्षणात मी त्याला परत आणू शकलो असतो. एवढंच म्हणायचं होतं की मी चुकीचं समजलो होतो. तो आला असता. दुसऱ्या दिवशी गाडी भरून, पोरीला घेऊन, या धुरात आला असता, मला माझा मुलगा माहीत आहे.

"माहीत नसायला काय झालं," मी म्हटलं. "मी भेटीला यायचं म्हणत होतो. नवीन वर्षाला येता का, असं. घाट बंद असेल तर राहू दे, वसंतात आम्हीच येऊ."

तो हसला. किती दिवसांनी असा मोकळा हसला.

घरी येऊन अनारकानला विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिने मान डोलावली. "नुरझातने मला सप्टेंबरातच सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही सगळं ऐकलंय म्हणालात, तेव्हा मला वाटलं, देवाने या माणसाला केवढं मन दिलंय." मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "नव्हतं माहीत?"

"चहा कर," मी म्हटलं.

१५ डिसेंबर

अनारकान किल्ली आणि कागद घेऊन सगळीकडे फिरली. पोरांची खोली, सेझिमची खोली, मोठी बैठक, पाहुण्यांची. लाल टोप्या एकेक करून फिरवल्या, कोमट लागेल इतक्याच उघड्या ठेवल्या. मी दारातून बघत राहिलो. नवे व्हॉल्व्ह फार हलके फिरतात. पाच बोटं कशाला, दोन बोटांनी फिरतात. असे बसवायला पोरगा दोन दिवस गार घरात राबला, बोटं सोलून घेतली, आणि ती बोटं सोलली त्या वेळी मी हसत होतो.

मग तिने विचारलं, "तुम्ही काही बोलत का नाही?"

मी म्हटलं, "पाइप ऐकतोय. पाणी बरोबर फिरतंय."

८ जानेवारी

कासिम आला. कोळशाचा एक ढीग अंगणात तसाच पडलेला बघून म्हणाला, "शाके, तू बर्फ जाळतोस का? एवढा कोळसा उरला कसा?" मग इकडेतिकडे बघून: "पोरं कधी येतायत? माहेर म्हणजे महिना, दोन महिने. हा तर मुक्कामच झाला."

मी त्याच्या वाटीत चहा ओतला, अर्धीच, पुन्हा पुन्हा भरता यावी म्हणून पाहुण्याला भरतात तशी. दाराशी अनारकान उभी होती, आत जायला निघाली होती पण गेली नाही.

"येणार नाहीत," मी म्हटलं. "उरमात सासऱ्याकडे राहतो."

मी वाट पाहिली. बाकितच्या मुलाबद्दल हा जे बोलला होता ते मला पाठ होतं, उत्तरादाखल काय म्हणायचं तेही मी सकाळपासून जुळवून ठेवलं होतं. कासिमने वाटी उचलली, फुंकर मारली, खाली ठेवली. बाहेर कुणीतरी बॉयलर पेटवला असावा, खिडकीतून आळी पुसट होत गेली.

"पोरगी कशी आहे?" त्याने विचारलं.

"सेझिम तोसोरला गेल्यापासून खोकलेली नाही," मी म्हटलं.